समुद्रातच राहिलेले मासे

पालेर्मोत एक पास्ता मिळतो. त्यात रानबडीशेपेचा कोवळा पाला असतो, परतलेला कांदा असतो, बेदाणे, चिलगोजे आणि केशर असतं, वरून खरपूस भाजलेला पावाचा चुरा भुरभुरलेला असतो. नाव आहे ‘पास्ता की सार्दी आ मारी’, म्हणजे ‘समुद्रातल्या सार्डिनचा पास्ता’. ताटात सार्डिनचा एक तुकडाही नसतो. मासे अजून समुद्रातच आहेत, एवढंच हे नाव सांगतं. मूळ पदार्थ खऱ्या सार्डिनचा. ज्या दिवशी मासळी परवडायची नाही किंवा जाळ्यात काही लागायचं नाही, त्या दिवशी घरातली बाई बाकी सगळं साग्रसंगीत करायची आणि जे नाही, त्याचंही नाव घ्यायची.

सिसिली बेटाच्या या राजधानीत खायला जाणाऱ्याने हे नाव मनात ठेवून जावं. इथल्या निम्म्या पदार्थांत कुणीतरी गैरहजर असतं. कुठे मासा नाही म्हणून त्याच्या जागी वांगं आलेलं असतं, कुठे कलेजी नाही म्हणून भोपळा, कुठे चीज नाही म्हणून पावाचा चुरा. आणि जे जागेवर आलं, त्याला पुढे इतकी प्रतिष्ठा मिळाली की आज बहुतेक वेळा मूळ पदार्थ कुणी मागतही नाही. रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस करून परतणाऱ्या आपल्या प्रवाशांना मी नेहमी सांगते की आणखी तीन दिवस काढा आणि पालेर्मोला जा. तिथलं खाणं समजून घेतलं की ते शहर समजतं, आणि ते समजून घ्यायला हॉटेलात बसावं लागत नाही. रस्त्यावर उभं राहावं लागतं.

थोडा इतिहास आधी सांगायला हवा. पालेर्मो फिनिशियन व्यापाऱ्यांनी वसवलं. पुढे रोमन आले, बायझंटाईन आले. 831 मध्ये अरबांनी ते जिंकलं आणि बेटाची राजधानी केलं. 1072 मध्ये नॉर्मन आले. त्यांनी अरबी कारागीर, अरबी बागा, अरबी कारकून तसेच ठेवले. म्हणून तिथल्या राजवाड्यातल्या ‘कापेल्ला पालातीना’ या चर्चचं छत अरबी कलाकुसरीचं आहे आणि भिंती बायझंटाईन सोनेरी मोझेइकच्या. नॉर्मन राजा रॉजर दुसरा याच्यासाठी अल-इद्रीसी या अरब भूगोलज्ञाने 1154 मध्ये जो मोठा ग्रंथ पूर्ण केला, त्यात पालेर्मोजवळच्या त्राबिया गावाची नोंद आहे. त्या गावात ‘इत्रिया’ नावाच्या वाळवलेल्या पिठाच्या शेवया होत आणि जहाजं भरभरून परमुलखी जात. मार्को पोलोने चीनहून पास्ता आणला ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली असते. अल-इद्रीसीने ही नोंद केली तेव्हा मार्को पोलो जन्मायला अजून 100 वर्षं होती.

अरबांबरोबर लिंबू, कडू संत्रं, वांगं, ऊस अशी पिकं सिसिलीच्या मातीत रुजली. यातलं वांगं मूळचं आपल्या बाजूचं. उसाच्या रसापासून दाणेदार साखर करायची विद्याही भारतातून इराणात आणि तिथून अरबांकडे गेलेली. पालेर्मोत वांग्याचा पदार्थ समोर आला की मला म्हणूनच फार परकं वाटत नाही. फार लांबचा वळसा घालून घरचंच माणूस भेटल्यासारखं वाटतं.

आता बाजारात जाऊ. पालेर्मोचे तीन जुने बाजार प्रसिद्ध आहेत: बाल्लारो, कापो आणि वुच्चिरिया. वुच्चिरिया हे नाव खाटीकखान्याच्या फ्रेंच शब्दावरून आलं, पण सिसिलीच्या बोलीत त्याचा अर्थ ‘गोंगाट’ असाही झाला आहे. रेनातो गुत्तूसो या चित्रकाराने 1974 मध्ये हा बाजार एका भल्यामोठ्या चित्रात रंगवला. टांगलेला बैल, स्वोर्डफिशचं डोकं, अंडी, टोमॅटो आणि त्यांच्यामधून जेमतेम वाट काढणारी माणसं. चित्र आज स्तेरी राजवाड्यात पाहायला मिळतं. खरा वुच्चिरिया मात्र आता बराच रोडावला आहे. दिवसा तिथे मोजके विक्रेते असतात आणि रात्री तरुणांची गर्दी. भाजी, मासळी आणि ओरडा एकत्र हवा असेल तर बाल्लारोत जावं. तिथले विक्रेते मालाची जी सुरेल हाकाटी करतात तिला ‘आब्बान्न्याता’ म्हणतात. शब्द कळत नाहीत, पण दादरच्या भाजीगल्लीत वाढलेल्या माणसाला अर्थ बरोबर कळतो.

बाल्लारोत पहिलं थांबायचं ते पानेल्लेच्या गाडीपाशी. पानेल्ले म्हणजे हरभऱ्याच्या पिठाच्या पातळ, तळलेल्या वड्या. त्या कशा होतात हे पाहिलं की मराठी माणूस जागीच उभा राहतो. गार पाण्यात बेसन कालवायचं, गुठळी राहू द्यायची नाही, मीठ घालायचं आणि मंद आचेवर घोटत बसायचं. हात थांबला की तळाला लागलंच. पीठ घट्ट होऊन भांड्याच्या कडा सोडायला लागलं की चिरलेली पार्सली घालायची, गोळा गरम असतानाच पातळ थापायचा आणि गार झाला की कापायचा. आपली पाटवडीच ही! इथपर्यंत बोट ठेवायला जागा नाही. फरक दोन. एक, तिला फोडणी नाही. हळद, तिखट, हिंग, काही नाही. आणि दुसरा, या वड्या पुढे कढत तेलात सोडतात. तीन-चार मिलिमीटर जाडीचा तो तुकडा तेलात जरासा फुगतो, कडा करकरीत होतात, मधे मऊ राहतं. वरून लिंबाचे चार थेंब, मिरपूड, आणि तीळ लावलेल्या मऊ पावात पाच-सहा वड्या एकावर एक. त्याच्या जोडीला बटाट्याचे लांबट, छोटे तळलेले रोलही पावात घालून मागता येतात. त्यांना ‘क्रोक्के’ म्हणतात.

मी हे घरी करून पाहिलं. एक वाटी पिठाला तीन वाट्या पाणी हे प्रमाण बरोबर बसतं. तिकडचं पीठ काबुली हरभऱ्याचं असतं, त्यामुळे रंग फिकट आणि वास सौम्य. आपलं बेसन हरभराडाळीचं, त्याचा वास जास्त खमंग. पहिला घाणा काढला तेव्हा हात आपोआप मसाल्याच्या डब्याकडे गेला. मग मुद्दाम आवरला. फोडणी-मसाल्याशिवायचं बेसन आपण क्वचितच खातो, त्यामुळे हरभऱ्याची स्वतःची चव कशी आहे हे आयुष्यभर बेसन खाऊनही आपल्याला नीट माहीत नसतं. ती थोडी गोडसर असते, थोडी मातकट, आणि लिंबाने फार छान उघडते.

पानेल्लेतही कुणीतरी गैरहजर आहे. पूर्वी हे पीठ लाकडाच्या कोरीव साच्यांत थापत, आणि वड्यांना माशांचा आकार असे. जुनी माणसं त्यांना ‘मासळी’च म्हणत. तळलेली मासळी ज्यांना परवडत नव्हती त्यांनी माशाच्या आकाराचं बेसन तळलं. आज साचे गेले, चौकोन नाहीतर लंबगोल उरला, आणि दुपारच्या सुट्टीत शाळेतली मुलं, वकील, रंगारी सगळे एकाच गाडीपुढे उभे राहून तोच पाव खातात.

तिथल्या बोलीत पावाला ‘पानी’ म्हणतात. पहिल्यांदा ऐकताना आपण दचकतो, पण हा शब्द आपल्या नात्यातला आहे. लॅटिनमध्ये भाकरीला ‘पानिस’ म्हणत. सिसिलीत त्याचं ‘पानी’ झालं, पोर्तुगालमध्ये ‘पांव’सारखा उच्चार झाला, आणि पोर्तुगीजांबरोबर तो गोव्याच्या, वसईच्या किनाऱ्याला उतरून ‘पाव’ झाला. बेसनात घोळवून तळलेला बटाटा आपण पावात घालतो. ते बेसनाची वडी आणि बटाटा वेगवेगळे तळून पावात घालतात. दोन्ही पदार्थांचा एकमेकांशी काही संबंध नाही. घाईत असलेल्या, कमी पैशांत पोटभर हवं असलेल्या माणसाला दोन बंदरांनी आपापलं दिलेलं हे उत्तर आहे.

शाकाहारी प्रवाशांना इथे एक सूचना करायला हवी, कारण यात फसगत होते. पालेर्मोत डुकराची चरबी स्वयंपाकात सर्रास असते. तिला ‘स्त्रुत्तो’ म्हणतात. पानेल्ले सहसा तेलातच तळतात, पण त्याच गाडीवर दुसरं काही तळलं जातंय का ते डोळ्यांनी पाहावं आणि विचारावं. कान्नोलीच्या कुरकुरीत नळीच्या पिठातही बहुतेक वेळा ही चरबी असते. दुकानदार विचारल्याचा राग मानत नाहीत. ‘सेन्झा स्त्रुत्तो?’ म्हणजे ‘चरबी नाही ना?’ एवढे दोन शब्द पाठ असले की भागतं.

मांसाहारी प्रवाशांनी मात्र ‘पानी का मेउसा’ चुकवू नये. मेउसा म्हणजे पाणथरी. वासराची पाणथरी आणि फुप्फुस आधी उकडतात, गार करून पातळ कापतात आणि मग चरबीत परततात. ही कृती जवळून बघण्यासारखी असते. विक्रेत्यापुढे एक मोठं, एका बाजूला कललेलं पातेलं असतं. वरच्या बाजूला मांसाचे काप रचलेले, खालच्या बाजूला तापलेली चरबी. गिऱ्हाईक आलं की लागतील तेवढेच काप तो खाली ओढतो, तडतडू देतो, मग दोन दातांच्या काट्याने उचलून पातेल्याच्या काठावर दाबून निथळतो आणि पावात भरतो. आणि मग विचारतो: ‘स्केत्तू’ की ‘मारितातू’? म्हणजे अविवाहित की विवाहित? अविवाहित पावावर नुसतं मीठ आणि लिंबू. विवाहितावर रिकोत्ता किंवा किसलेलं काचोकाव्हाल्लो चीज. मला अविवाहित आवडतो. लिंबू त्या जड, लोहाच्या चवीला सरळ भिडतं. चीज घातलं की सगळं मवाळ होऊन जातं.

या पावामागची कथा पालेर्मोत सगळे सांगतात. मध्ययुगात शहरात ज्यूंची मोठी वस्ती होती आणि कत्तलखान्यात त्यांचे कसाई काम करत. जनावर मारण्याबद्दल पैसे घेणं त्यांच्या धर्मात बसत नव्हतं. मोबदला म्हणून ते आतडी, पाणथरी, फुप्फुस असं जे धनवंतांना नको असे ते घेत, शिजवत आणि पावात घालून विकत. 1492 मध्ये स्पेनच्या राजाने आपल्या सगळ्या मुलखातून ज्यूंना हाकलून देण्याचं फर्मान काढलं. सिसिली त्याच मुकुटाखाली होती. काही महिन्यांत पालेर्मोचे ज्यू घरंदारं सोडून जहाजांत बसले. त्यांचा धंदा शेजाऱ्यांनी उचलला. त्यांच्या प्रार्थनागृहांचं शहरात फारसं काही शिल्लक राहिलं नाही, आणि पाच शतकांनंतरही हा पाव रोज तळला जातो. इथे गैरहजर कोण आहे हे तो खाणाऱ्यालाही बहुधा आठवत नसतं. मला आठवतं, आणि म्हणून त्या गाडीपुढे मी नेहमी जरा गप्प होते.

हा पाव बसून खायचा असेल तर सान फ्रान्चेस्को चर्चच्या समोर 1834 पासून चालू असलेलं ‘आंतिका फोकाच्चेरिया सान फ्रान्चेस्को’ आहे. या दुकानाचं नाव इटलीत पुन्हा गाजलं ते त्याच्या तेव्हाच्या मालकाने खंडणी मागणाऱ्या माफियाच्या माणसांना भर न्यायालयात बोट दाखवून ओळखलं तेव्हा. पालेर्मोत या खंडणीला ‘पित्सो’ म्हणतात. शब्दाचा मूळ अर्थ चोच. दुसऱ्याच्या वाडग्यात चोच बुडवायची, असा. 2004 मध्ये काही तरुणांनी एका रात्रीत शहरभर छोटे कागद चिकटवले: खंडणी देणारी अख्खी जनता ही स्वाभिमान गमावलेली जनता आहे, अशा आशयाचे. त्यातून ‘आद्दिओपित्सो’, म्हणजे ‘खंडणीला रामराम’, ही चळवळ उभी राहिली. खंडणी न देण्याची जाहीर प्रतिज्ञा केलेल्या दुकानांच्या दारावर तिचं चिन्ह दिसतं. कुठे खायचं हे ठरवताना प्रवासी चव पाहतो, भाव पाहतो, स्वच्छता पाहतो. पालेर्मोत दारावरचं ते चिन्हही पाहावं. आपण खाल्लेल्या एका पावाचा पैसा कुणाकडे जातो हे तिथे स्पष्ट दिसू शकतं, आणि असं फार कमी ठिकाणी घडतं.

वुच्चिरियातल्या गार्राफेल्लो चौकात एक जुनं कारंजं आहे. या भागाशी एका भाजीचं नाव जोडलेलं आहे: ‘सात तोट्यांची कलेजी’. हा लाल भोपळा असतो. सरदारांच्या घरी कलेजी आंबटगोड रसात मुरवत. कारंज्याभोवती राहणाऱ्या गरिबांना तो वास यायचा, कलेजी मिळायची नाही. त्यांनी भोपळ्याचे कलेजीएवढे काप ऑलिव्हच्या तेलात लसणीबरोबर तळले, वर व्हिनेगर आणि साखर शिंपडली, पुदिन्याची पानं घातली आणि गार होऊ दिले. शाकाहारी माणसाने पालेर्मोत एकच पदार्थ खायचा झाला तर मी हा सांगेन. भोपळा आपल्याकडे उपासाला, घारग्यांना, भाजीला असतो, पण त्याचा असा थाट मी दुसरीकडे पाहिलेला नाही. दुसऱ्या दिवशी तो आणखी चांगला लागतो.

कापोनाताचंही तसंच. वांग्याच्या तळलेल्या फोडी, सेलरी, हिरवी ऑलिव्ह, केपरच्या कळ्या, कांदा, टोमॅटो, आणि पुन्हा व्हिनेगर-साखर. पालेर्मोत असं सांगतात की मूळ पदार्थ ‘कापोने’ नावाच्या माशाचा होता आणि मासा परवडेना म्हणून वांगं आलं. मासा गेला, नाव राहिलं. हा पदार्थ गरम खात नाहीत. सकाळी करून ठेवतात, दुपारी किंवा रात्री पावाबरोबर घेतात. आपल्या वांग्याच्या भाजीची सवय असलेल्या जिभेला पहिला घास चुकल्यासारखा वाटतो: तेल भरपूर, तिखट नाही, आणि वांगं चक्क आंबटगोड. तिसऱ्या घासाला पंचामृताची आठवण होते, ते मिरच्या-शेंगदाण्यांचं, सणाच्या ताटात डावीकडे वाढायचं. तेव्हा ही चव कुठे ठेवायची ते कळतं.

माशांत सगळ्यात हुशार पदार्थ म्हणजे ‘सार्दे आ बेक्काफिको’. बेक्काफिको हा अंजिरं टोचून खाणारा एक चिमुकला पक्षी. सरदार लोक शिकार करून तो अख्खाच खात. त्या काळी सिसिलीच्या बड्या घरांत फ्रेंच धाटणीचे आचारी असत. ‘मस्य्यू’ या फ्रेंच हाकेवरून लोक त्यांना ‘मोंसू’ म्हणत. मोंसूने पक्षी भाजला, तर गल्लीतल्या बाईने सार्डिन घेतला. मासा चिरून काटा काढायचा, आत पावाचा चुरा, बेदाणे, चिलगोजे, पार्सली भरायची, गुंडाळी करायची आणि शेपूट वर ठेवायचं, पक्ष्याच्या शेपटीसारखं. अशा गुंडाळ्या ताटलीत एकमेकींना खेटून लावायच्या, मधे सुगंधी पानं, वर संत्र्याचा रस, आणि भाजायच्या. सार्डिन म्हणजे आपल्या तारलीचा चुलतभाऊ. तोही तिच्यासारखा तेलकट, स्वस्त आणि काट्यांमुळे बड्या ताटांतून दूर राहिलेला. तारलीला आपण चिंचेची किंवा कोकमाची आंबटाई देतो, ते संत्र्याची देतात. कारण एकच आहे. तेलकट माशाला आंबट लागतंच.

आता तो पावाचा चुरा. तो इथे जागोजाग भेटतो: पास्त्यावर, माशाच्या पोटात, भाज्यांवर. तेलात परतून तांबूस केलेला हा चुरा गरिबांचं चीज होतं. शिळा पाव टाकायचा नाही हा नियम, आणि चीज विकत घ्यायची ऐपत नाही ही अडचण; दोन्ही एकाच कढईत गेली. जाडसर, जाळीदार, स्पंजासारख्या ‘स्फिंचोने’ या रोटीवरही तो असतो. स्फिंचोनेवर टोमॅटोचा रस्सा, भरपूर शिजवलेला कांदा, काचोकाव्हाल्लो आणि बारीक खारे मासे असतात. म्हणजे शाकाहारी लोकांनी वरून पिझ्झा वाटला तरी विचारून घ्यावं. त्यातल्या कांद्याचं प्रमाण पाहून मला इब्न हौकल आठवतो. दहाव्या शतकात पालेर्मोला आलेल्या या अरब प्रवाशाने लिहून ठेवलंय की इथले लोक सकाळ-संध्याकाळ कच्चा कांदा खातात आणि त्यामुळे त्यांची बुद्धी बिघडते. कांदा हजार वर्षं टिकला आहे. तो आता कच्चा न राहता मंद आचेवर गोड होतो, एवढाच फरक.

स्फिंचोने विकणारा तीनचाकी टेम्पोतून फिरतो. भोंग्यावर त्याची हाळी चालू असते की रोटी आत्ताच भट्टीतून निघाली आहे. त्या तीनचाकीला पालेर्मोत ‘लापा’ म्हणतात. इटालियन ‘आपे’, म्हणजे मधमाशी. आपल्या रस्त्यांवर माल आणि माणसं वाहणारी ‘आपे’ ती हीच, त्याच पियाज्जो कंपनीची. फक्त आपली बारामतीला तयार होते. परक्या गल्लीत संध्याकाळी तो ओळखीचा फटफटाट कानावर आला की माणूस नकळत मागे वळून बघतो.

आरांचीनेबद्दल फार लिहीत नाही, कारण ते शोधावे लागत नाहीत. केशरी भाताचा संत्र्याएवढा गोळा, आत मटार घातलेला खिमा, बाहेर पावाच्या चुऱ्याचं कवच, आणि तळण. दुसऱ्या प्रकारात लोणी, मोझ्झारेल्ला आणि हॅम. पालेर्मोत हा शब्द स्त्रीलिंगी आहे, कारण संत्रं या फळाचा इटालियन शब्द स्त्रीलिंगी. बेटाच्या दुसऱ्या टोकाच्या कातानियात तो पुल्लिंगी होतो आणि आकारही शंकूसारखा. हा वाद तिथे मनापासून घातला जातो. पालेर्मोत उभं राहून ‘आरांचीनो’ म्हणू नये.

गोडाकडे वळताना आधी रिकोत्ता समजून घ्यावा लागतो, कारण सिसिलीची मिठाई त्याच्यावर उभी आहे. चीज करून झालं की निवळी उरते. ती पुन्हा तापवली की तिच्यावर पांढरा, रेशमी साका जमतो. तो रिकोत्ता. शब्दाचा अर्थच ‘पुन्हा शिजवलेलं’. म्हणजे मुळात तीही उरलेल्याची करामत. मेंढीच्या दुधाचा रिकोत्ता साखर घालून चाळणीतून घासतात, मग तो कान्नोलीत भरतात किंवा कास्सातात. कान्नोली मागितल्यावर तुमच्या डोळ्यांदेखत नळी भरली गेली पाहिजे. आधीच भरून ठेवलेली नळी मऊ पडते. तशी दिसली तर पुढच्या दुकानात जावं.

कास्साता हे नाव आपल्या ओळखीचं आहे. लग्नाच्या पंगतीत तीन रंगांचा, दाणे लावलेला आइस्क्रीमचा काप मिळतो तो ‘कसाटा’. पालेर्मोचा कास्साता आइस्क्रीम नाही. तो केक आहे: मधे गोड रिकोत्ता, कडेला हिरव्या बदामपिठाच्या आणि केकच्या पट्ट्या, वर पांढऱ्या साखरेचा लेप, आणि त्यावर पाकवलेली अख्खी फळं. अरबी ‘कसआ’, म्हणजे वाडगा, या शब्दावरून नाव आलं असं सांगतात. हा मूळचा ईस्टरचा पदार्थ. गोडी प्रचंड असते. दोघांत एक काप पुरतो.

बदामाच्या पिठाची फळं हा पालेर्मोचा आणखी एक गैरहजेरीचा पदार्थ. मार्तोराना मठातल्या जोगिणींना कुणा बड्या पाहुण्याच्या भेटीची वर्दी आली. बागेतल्या झाडांना फळं नव्हती. त्यांनी बदाम आणि साखर वाटून पिवळी लिंबं, लाल डाळिंबं, अंजिरं केली आणि फांद्यांना टांगली, अशी कथा आहे. म्हणून त्या मिठाईला ‘फ्रुत्ता मार्तोराना’ म्हणतात. डाग पडलेलं पेअर, उललेलं अंजीर, सगळं हुबेहूब. गोव्यात नाताळाला काजूचं मार्झिपान करतात त्याची ही बदामी बहीण. 2 नोव्हेंबरच्या मृतांच्या दिवशी ही फळं आणि साखरेच्या रंगीत बाहुल्या मुलांना मिळतात. पालेर्मोची मुलं लहानपणी मानतात की आदल्या रात्री घरातली वारलेली माणसं येतात आणि उशाशी खाऊ ठेवून जातात. आपण पितृपक्षात गेलेल्यांना वाढतो. तिथे गेलेले येऊन नातवंडांना वाढतात. साखरेची ती बाहुली पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा हे माहीत नव्हतं. कळल्यावर खाववली नाही. अजून घरी कपाटात आहे.

उन्हाळ्यात गेलात तर कलिंगडाच्या रसाचं ‘जेलो दी मेल्लोने’ शोधा. पिष्ट घालून घट्ट केलेला रस, जाईच्या फुलांचा वास, दालचिनी, वर पिस्त्याची भुकटी. जुलैच्या मध्याला शहराची संत रोझालिया हिचा मोठा उत्सव असतो. 1624 च्या प्लेगमधून तिने शहर वाचवलं अशी श्रद्धा आहे. त्या रात्री रस्त्यारस्त्यावर कलिंगडं फोडलेली असतात आणि लसूण-पार्सलीत परतलेल्या चिमुकल्या गोगलगायी लोक शंखातून शोषून खात असतात. दुपारच्या उन्हात बडीशेपेच्या जातीच्या सुगंधी अर्काचे दोन थेंब टाकलेलं गार पाणी प्यावं. थेंब पडताच पाणी दुधाळ होतं.

पण मला विचाराल तर डिसेंबरात जा. 13 डिसेंबरला सांता लुचियाचा दिवस असतो. 1646 च्या दुष्काळाशी जोडलेली कथा अशी: लोक भुकेने हैराण झाले होते, आणि या संत लुचियाच्या दिवशी गव्हाने भरलेलं जहाज बंदराला लागलं. दळायला कुणाला धीर नव्हता. गहू तसाच अख्खा उकडला आणि खाल्ला. त्याची आठवण म्हणून त्या दिवशी पालेर्मोत गहू भिजवून, उकडून त्यात गोड रिकोत्ता, पाकवलेल्या फळांचे तुकडे आणि चॉकलेट घालतात. त्याला ‘कुच्चीआ’ म्हणतात. चमच्यात आला की गव्हाची खीर आठवते, तोच दाताखाली तटतटणारा दाणा, फक्त गुळाच्या जागी मेंढीच्या दुधाचा रिकोत्ता. आणि त्या एका दिवशी शहर दळलेला गहू खात नाही. पास्ता नाही, पाव नाही. वर्षभर नसलेल्या वस्तूंच्या जागा भरणारे हे लोक त्या दिवशी असलेली वस्तू बाजूला ठेवतात.

त्या सकाळी पानेल्लेच्या गाडीपुढे नेहमीपेक्षा मोठी रांग असते. विक्रेता गरम वड्या तेलातून काढतो, जाड कागदावर ठेवतो, लिंबू पिळतो आणि कागदासकट हातात देतो.